एकाच अंगणातली दोन घरं : भावानं भावाला मारलं, आता आपण काय करायचं?

माहेरवाशीण_चंदगड · ९ जून, रात्री

गावाचं नाव लिहीत नाही. कुणी ओळखलंत तर इथं लिहू नका, घरात चार लेकरं आहेत.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला. सासर चंदगडात. गेल्या महिन्यात धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या पेरणीच्या दिवसांत माझ्या थोरल्या चुलत भावानं धाकट्याला जिवानिशी मारलं. कारण बांध. थोरल्याचा ट्रॅक्टर वळताना हातभर बांध फोडून गेला. संध्याकाळी अंगणात शब्दाला शब्द लागला. थोरल्याच्या हातात खोरं होतं. धाकट्याला गाडीत घालून बेळगावला नेईपर्यंत वाटेतच तो गेला. थोरला सोप्यावर बसून राहिला, पोलीस येईपर्यंत जागचा हलला नाही. आता हिंडलग्याच्या जेलात आहे.

घर एकच आहे. मधे भिंत घालून दोन केलेलं. दारं दोन, अंगण एक, न्हाणी एक, परड्यातली विहीर एक. भिंतीत एक दार होतं, सणासुदीला उघडायचं, ते आता दोन्हीकडनं कडी लावून बंद आहे. माझी काकी, म्हणजे या दोघांची आई, सत्तरीच्या पुढची. ती एक रात्र थोरलीकडं झोपते, एक रात्र धाकटीकडं. रोज संध्याकाळी आपली वाकळ काखेत मारते आणि बाहेरच्या अंगणातनं फिरून दुसऱ्या दारानं आत जाते. मी चार दिवस राहिले तेव्हा हे चार वेळा बघितलं. कुणी तिला सांगितलेलं नाही, कुणी अडवलेलंही नाही.

रक्षाविसर्जनाला माणूस मावत नव्हता. बाराव्याला मात्र पंधरा जण. गावातल्या बायका धाकट्या वैनीकडं येऊ बघतात, पण अंगणात पाय ठेवला की समोर थोरलीचं दार. तिच्याशी बोलावं तर धाकटी काय म्हणेल, न बोलावं तर कसं दिसेल, म्हणून येतच नाहीत. म्हणजे जिचा नवरा गेला तिच्याकडंही कोण नाही, आणि जिच्या नवऱ्यानं मारलं तिच्याकडं तर नाहीच. नळावर थोरली आली की बायका घागरी उचलून बाजूला होतात. तिची मुलगी चौथीत आहे. वर्गातल्या पोरींना घरनं सांगून धाडलंय, तिच्याजवळ बसू नका.

मला विचारायचंय ते एवढंच. आपल्या भागात असं आधी झालंय. कुणाच्या भावकीत, कुणाच्या गल्लीत. तुम्ही काय केलंत? काय करायला पाहिजे होतं?

पुण्यातला_खानापूरकर · ९ जून

वाचून झोप उडाली. मला बांधाचा हा भांडणतंटा घरातलाच वाटला, कारण आमच्याकडं पण तोंडी वाटणी आहे आणि उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. तुमच्या काकांच्या माघारी वाटणी झाली होती का?

माहेरवाशीण_चंदगड · ९ जून

तोंडी. काका गेले त्याला बारा वर्षं झाली. पंचांनी शिवारात उभं राहून चार दगड रोवले, नारळ फोडला. उतारा अजून काकांच्या नावावर. तीन भाऊ, मी धाकटा म्हणते तो मधला. सगळ्यात धाकटा गोव्यात गाडी चालवतो, तो मयताला आला, आठ दिवस राहिला आणि परत गेला. त्याचं तर मला जास्त वाईट वाटतं, त्यानं कुणासाठी रडायचं?

शिवारातला · १० जून, पहाटे

ताई, राग मानू नका. तुम्ही दोन्ही दारं एका मापानं मोजताय. एका घरातला माणूस मातीत गेला, दुसऱ्या घरातला अजून जिवंत आहे, उद्या जामिनावर येईल, याच अंगणात येऊन बसेल. गाव बाजूला होतंय ते उगाच नाही. आमच्याकडं म्हणतात, रक्त सांडलेल्या घरचं पाणी पिऊ नये. त्यामागं काहीतरी शहाणपण असणार. आधी धाकटीचं बघा. थोरलीचं बघायला तिचं माहेर आहे.

निवृत्त_गुरुजी · १० जून

शिवारातले, तुमचं म्हणणं मी चाळीस वर्षांपूर्वी मनापासून मानत होतो. म्हणून सांगतो.

मी बेळगावच्या पश्चिमेला, रताळ्याच्या पट्ट्यात मराठी शाळेत मास्तर होतो. त्या गावात असंच झालं, चुलत्या-पुतण्यात. पुतण्या गेला, चुलता जेलात. चुलत्याचा मुलगा माझ्या वर्गात तिसरीला. चार पालक माझ्याकडं आले, म्हणाले, गुरुजी, त्याला वेगळा बसवा. मी त्याला दाराजवळच्या पट्टीवर एकटा बसवला. मला वाटलं, दोन महिन्यांत विसरतील, मग आत घेऊ. दोन महिन्यांनी कुणी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. तो पोरगा वर्षभर तिथंच बसला. पावसाळ्यात दारातनं पावसाचे फटकारे यायचे, तो पाटी पोटाशी धरून बसायचा. चौथीला तो शाळेत आला नाही. पुढं कळलं, कारवारकडं कुठल्या हॉटेलात भांडी घासायला लावलाय.

ताई, त्या चौथीतल्या पोरीच्या शाळेत आजच जा. मास्तरांना किंवा बाईंना भेटा, ओरडू नका, पण बाक बदलल्याशिवाय परत येऊ नका. एका बाकावर कुणाला बसवायचं हे मास्तराच्या हातात असतं. पालकांच्या नाही. मी ते तेव्हा केलं नाही.

कणकुंबीचा_पाऊस · १० जून

गुरुजी, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली होती.

माहेरवाशीण_चंदगड · ११ जून

गुरुजी, शाळेत बोलले. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, मी स्वतः तिला पहिल्या बाकावर घेते. बघू.

आता जे लिहिणार आहे ते काल लिहायला धीर झाला नाही.

रविवारी देवळात बैठक झाली. गावातली चार मोठी माणसं, थोरलीचे दोन भाऊ, आणि धाकट्या वैनीचा मामा. मामाला सांगितलं असं : थोरल्याच्या हिश्श्यातली दोन एकर धाकटीच्या नावावर करू, लेकरांच्या शिक्षणाला पैसे देऊ. बदल्यात धाकटीच्या पोरीनं कोर्टात म्हणायचं की मी काही बघितलं नाही. पोरगी अकरा वर्षांची आहे. तिनंच सगळं बघितलं, ती कट्ट्यावर अभ्यास करत बसली होती. ती पळत आत गेली आणि आईला म्हणाली, काकानं बाबाला मारलं.

मोठी माणसं वाईट नाहीत. ती म्हणतात, गेलेला परत येणार नाही, एक घर बुडालं, दुसरं कशाला बुडवायचं? थोरल्या वैनीला या बैठकीचं आधी माहीत नव्हतं असं ती म्हणते. काकीला मात्र माहीत होतं. आणि काकी म्हणते, पोरीनं तेवढं म्हटलं तर या दोघांतला एक तरी पोर राहील गं.

मला उत्तर सुचलं नाही.

दुसरं एक. फिर्याद धाकट्या वैनीच्या नावानं आहे. ती रात्री अकराला पोलिसांत बसलेली, पदरावर नवऱ्याचं रक्त. तिनं मराठीत सांगितलं, तिथं कन्नडात लिहिलं गेलं, तिनं सही केली. कागद घडी घालून पिशवीत आहे. आजवर कुणी वाचला नाही. आमच्या घरात कन्नड वाचता येणारं माणूस म्हणजे थोरलीचा मुलगा, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असलेला. त्याला कोण विचारणार?

कोर्ट_आवार_बेळगाव · ११ जून, दुपारी

मी बेळगावच्या न्यायालयात वीस वर्षं फौजदारी बघतो. सगळं एकदम लिहितो, वाचताना थांबून थांबून वाचा.

बैठकीचं आधी. खुनाचा गुन्हा, नव्या भारतीय न्याय संहितेतलं कलम १०३, पूर्वीचं ३०२, हा आपसात मिटवता येत नाही. फिर्यादीनं माफ केलं, गावानं मिटवलं, देवासमोर शपथ घेतली, तरी खटला सरकार चालवतं. त्यामुळं त्या बैठकीत जे ठरतंय त्याला तडजोड म्हणू नका. ती साक्ष फिरवण्याची बोलणी आहेत. साक्षीदाराला खोटं बोलायला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि ती अकरा वर्षांची आहे. ती जन्मभर काय घेऊन जगेल याचा विचार त्या चार मोठ्या माणसांनी करावा.

जमिनीचं. दोन एकर "देऊ" म्हणतात ते ऐकून मला संताप आला. धाकट्याचा जो हिस्सा आहे तो त्याच्या बायकोचा, लेकरांचा आणि आईचा आहेच. कायद्यानं. त्यासाठी कुणाच्या मेहरबानीची गरज नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २५ प्रमाणं ज्यानं खून केला त्याला मेलेल्याच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. काका गेले तेव्हाचा पौती खात्याचा, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लावायचा अर्ज अजून बाकी असेल तर तो आता करा, आणि धाकट्याच्या जागी त्याच्या वारसांची नावं लागतील हे बघा. बहिणी असतील तर त्यांनाही विचारा. कर्नाटकानं मुलींना बरोबरीचा हक्क १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा आहे असं स्पष्ट केलं.

कन्नडातल्या फिर्यादीचं. फिर्याद लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवायची असते आणि प्रत फुकट द्यायची असते. कळत नसलेल्या भाषेत वाचून दाखवणं म्हणजे न दाखवणंच. तो कागद विश्वासातल्या माणसाकडनं शब्द न् शब्द वाचून घ्या. नंतर घ्या असं नाही, या आठवड्यात घ्या. आरोपी कोठडीत आहे, त्यामुळं नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र जाईल. चूक असेल तर त्याआधी दुरुस्त व्हायला पाहिजे.

पोरीचं. बाईमाणसाला आणि पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, ते घरी आले पाहिजेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. फोन १५१००. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच.

तंबाखूवखार · ११ जून, रात्री

वकीलसाहेबांनी भाषेचं लिहिलं म्हणून सांगतो. मी निपाणीचा. आमच्या गल्लीतल्या मारामारीत माझ्या आईची साक्ष झाली होती. आईनं म्हटलं, "त्यानं त्याला ढकललं". कागदावर उतरलं "हाणलं". उलटतपासणीत वकिलानं विचारलं, बाई, ढकललं की हाणलं? आई म्हणाली, ढकललं. झालं, बाई खोटं बोलते. आईला रडू आलं नाही, राग आला. म्हणाली, मी एकच शब्द बोलले होते, दुसरा कुणी घातला?

कुणाचा डाव होता असं मी म्हणत नाही. लिहिणारा घाईत असतो, त्याची भाषा कन्नड, सांगणाऱ्याची मराठी, रात्रीची वेळ. पण शिक्षा आपल्या माणसाला होते. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते सर्वोच्च न्यायालयात होईल, २००४ पासून दावा पडून आहे. तोवर ज्यांच्या घरात असा प्रसंग येईल त्यांनी एवढं लक्षात ठेवा : सही करण्याआधी "मला मराठीत सांगा" म्हणायचं. तो हक्क आहे, भांडण नाही.

माहेरवाशीण_चंदगड · १४ जून

कागद वाचला गेला. कुणी वाचला ते सांगते.

मी फोनवर काकीला सांगितलं होतं, कागद घेऊन खानापूरला जाऊ, तिथं कुणाला तरी दाखवू. काकी म्हणाली, बरं. रात्री तिनं धाकटीच्या पिशवीतनं कागद काढला, वाकळीत गुंडाळला आणि थोरलीकडं झोपायला गेली. नातवाला म्हणाली, वाच.

त्याच्या बापाच्या विरुद्धची फिर्याद. तो वाचत बसला. मग म्हणाला, "आज्जी, हितं चुकलंय. बहिणीनं काका म्हटलंय तिथं चिक्कप्पा लिवलंय. चिक्कप्पा म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. गोव्याचा काका. दोड्डप्पा पायजे."

आपल्याला काका म्हणजे काका, थोरला काय नि धाकटा काय. कन्नडात दोन शब्द आहेत. आरोपी म्हणून नाव थोरल्याचंच लिहिलंय, पण पोरीच्या तोंडचं जे वाक्य आहे त्यात मारणारा दुसराच होतो.

तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. सतरा वर्षांचा आहे. काकीनं मला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली, एवढ्या दिवसांत. आणि पोरीनं बघितलं नाही म्हणावं हे तिनं परत काढलेलं नाही.

कोर्ट_आवार_बेळगाव · १४ जून

ताई, हा एकच शब्द पुढं दोन वर्षं छळला असता. आरोपीच्या वकिलाला एवढंच पाहिजे असतं. तपास अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करून पुरवणी जबाब घ्यायला सांगा आणि पोरीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची मागणी करा. दुभाषा मागा. अर्जाची पोच घ्या.

त्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

सीमेवरचा_वाचक · १५ जून

आमच्या ग्रुपवर या घराचा फोटो फिरतोय, अंगणात त्या पोरी उभ्या आहेत. खाली लिहिलंय की आरोपीची सगळी जमीन सरकारजमा होणार. खरं का?

कोर्ट_आवार_बेळगाव · १५ जून

खोटं. खुनाच्या शिक्षेनं जमीन सरकारजमा होत नाही, त्याचा हिस्सा त्याचाच राहतो. आणि तो फोटो आत्ता काढून टाकायला सांगा. बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो उघड करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवर टाकलं म्हणून सुटत नाही.

सीमेवरचा_वाचक · १५ जून

काढायला लावला. तिघांनी पुढं पाठवला होता, त्यांनाही फोन केले.

आशाताई_हुक्केरी · १६ जून

मी आशा कार्यकर्ती. आमच्या कामात दारात जावंच लागतं, म्हणून या वादात मला पडावं लागत नाही. गरोदर बाई कुठल्या घरची हे मी विचारत नाही.

धाकट्या ताईंसाठी कागदाची कामं. मृत्यूचा दाखला घ्या, दहा झेरॉक्स काढून ठेवा. विधवा वेतनाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीत. रेशनकार्ड बघा, आज्जीच्या नावावर एकत्र असेल तर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार आज्जीच्या खात्यात पडत असणार. आज्जी वाटून देत असेल, पण कार्ड वेगळं केलं तर दोन्ही सुनांना आपापलं मिळेल. तो अर्ज आजच्या रागात करू नका, पण वर्षभर टाकूनही ठेवू नका. मिशन वात्सल्य म्हणून योजना आहे, विधवा आईच्या मुलाला महिन्याला चार हजारांपर्यंत मिळतात, जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा. थोरलीच्या लेकरांसाठीही तिथंच विचारा, बाप जेलात असलेल्या मुलाचं काय ते त्यांना सांगू द्या.

आता पोरीचं. ती जेवते का, झोपते का, अंथरूण ओलं करते का, एवढं बघा. तिला रोज रोज "काय बघितलंस" विचारू नका, आलेल्या पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. आमच्याकडं एका घरी आलेली प्रत्येक बाई पोराला मांडीवर घेऊन तेच विचारायची, शेवटी पोरगं बायका दिसल्या की माळ्यावर चढून बसायचं. १४४१६ ला फोन केला तर मानसोपचाराचं माणूस फुकट बोलतं, मराठीत बोलणारं मागा. जिल्हा रुग्णालयातही डॉक्टर असतात.

शिवारातला · १७ जून

मी वरती जे लिहिलं त्यावर तीन दिवस विचार केला.

त्या पोरानं कागद वाचला ते वाचून मी उठून बाहेर गेलो. रक्त सांडलेल्या घरचं पाणी पिऊ नये असं मी लिहिलं होतं. त्या घरात तो पोरगा पण राहतो.

माझं स्वतःचं सांगतो. माझा आणि भावाचा बांधावरनं सात वर्षं बोलणं नाही. ऊस तोडायला एकाच वाटेनं जातो, मान वळवून. परवा मी नाडकचेरीत जाऊन हद्दुबस्तचा अर्ज दिला, सरकारी मोजणीवाला येऊन हद्द दाखवेल. वाटणी कागदावर करायची तर इलेव्हन ई म्हणून मोजणीचा नकाशा पण लागतो, त्याचंही विचारलं. खर्च आहे, वेळ लागतो, पण दगड कुणी रोवला हा वाद तरी मिटेल. अर्ज द्यायच्या आधी भावाच्या दारात गेलो. म्हटलं, मोजणी मागतोय, तू हजर रहा, माझ्याकडं निघाली तर मी सोडतो. तो म्हणाला, चहा घे. एवढंच बोलला. मी चहा घेतला.

माझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, सात वर्षं लावलीस तेवढ्याला.

मार्कंडेयकाठ · १८ जून, रात्री

हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय. लिहायचं नव्हतं.

मी धाकटीच्या पोरीच्या जागेवर होते. माझे वडील गेले तेव्हा मी दहाची. मारणारा माझा सख्खा चुलता. मीही साक्ष दिली. कोर्टात उंच पिंजऱ्यात उभी राहिले तर दिसत नव्हते म्हणून कुणीतरी पायाखाली स्टूल दिलं.

सगळ्यांना दोन गोष्टी सांगते.

माझ्या आईला लोक पुढं पंधरा वर्षं सांगत राहिले, आता विसर, माफ कर, एकाच घरचं रक्त. लग्नकार्यात मुद्दाम चुलतीला आईशेजारी बसवायचे आणि लांबनं बघायचे. आईनं कधी माफ केलं नाही. तिनं त्यांचं वाईटही केलं नाही. चुलतीच्या घरी पोरं उपाशी आहेत कळलं तेव्हा आईनं तांदूळ धाडले, पण स्वतः गेली नाही आणि बोलली नाही. लोकांना ते पटायचं नाही. धाडलेस तर बोल की. मी म्हणते, का बोलावं? तिचा नवरा गेला होता. धाकट्या वैनींना कुणी समेट करायला लावू नका. तिला ते दार बंद ठेवायचं असेल तर ठेवू द्या.

दुसरं. माझी चुलत बहीण, चुलत्याची मुलगी, माझ्याच वयाची. आम्ही एका ताटात जेवलेल्या. त्या दिवसानंतर आम्हाला एकमेकींशी बोलू दिलं नाही. दोन्हीकडनं. मला बाप गेल्याचं दुःख होतं ते होतंच, पण ती रोज शाळेच्या वाटेवर पुढं चालताना दिसायची आणि मला तिला हाक मारता यायची नाही, हे दुःख कुणी विचारलंच नाही. आता ती कुडाळात असते. दहा वर्षांपूर्वी तिनं फोन केला. आम्ही दोघी अर्धा तास नुसतं "तू कशी आहेस" एवढंच म्हणत होतो.

मोठ्यांचं मोठ्यांना बघू द्या. लेकरांना मात्र हाक मारू द्या.

माहेरवाशीण_चंदगड · १९ जून

मार्कंडेयकाठ, तुमचं लिहिणं मी धाकट्या वैनीला वाचून दाखवलं, तुम्ही कोण ते न सांगता. तांदळाचं ऐकून ती म्हणाली, "बोलली नाही ना ती? बरं केलं." मग शेवटचं परत वाचायला लावलं.

माहेरवाशीण_चंदगड · ७ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. पोरीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला. आईनं बाहेर हात धरून ठेवला होता. आत दुभाषी बाई होत्या. दोड्डप्पा असं लिहिलंय, मी विचारून घेतलं. देवळातली बैठक परत बसली नाही. धाकटीच्या मामानं तिथं जाऊन सांगितलं की जमीन आमची आहे तेवढी आम्ही कोर्टातनं घेऊ. थोरलीच्या भावांनी चार दिवस आवाज केला, थोरलीनं त्यांना गावात यायचं नाही असं सांगितलं. ते तिनं कसं सांगितलं असेल मला कल्पना करवत नाही, तिचं दुसरं आहे कोण?

आता शेताचं. थोरल्याच्या शेतात पेरलेलं भात वीतभर आलंय, त्याच्या मुलानं आईबरोबर भांगलून काढलं. फोडलेल्या बांधाच्या पलीकडं धाकट्याचं शेत तसंच पडलंय, पेरणी व्हायच्या आधीच हे झालं. पोरगा आज्जीमार्फत विचारत होता, मी चिखल करून देऊ का. धाकटीनं सांगितलं, त्याचा पाय माझ्या शेतात नको. आज्जीनं तसंच त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या बाजूनं उभा राहून फुटलेला बांध दगडमातीनं बांधून घेतला. पलीकडं पाय ठेवला नाही. धाकटी परड्यातनं बघत होती, काही बोलली नाही.

पोरी बोलतात. चौथीतली आणि सहावीतली. शाळेच्या वाटेवर, अंगणात नाही.

तर लावण करायची आहे. मंगळवारी गावात वार पाळणूक आहे, शेतात काम करत नाहीत, म्हणून बुधवारी. गल्लीतल्या सहा घरांनी पैऱ्यानं, म्हणजे कामाला काम या बोलीनं यायचं कबूल केलंय, त्यातल्या चार बायका महिनाभर त्या अंगणात आल्या नव्हत्या. पॉवर टिलर मिळाला. रोप कमी पडतंय, साधारण पंचवीस-तीस पेंढ्या. मी चंदगडातनं आमच्या वाफ्यातल्या पंधरा आणते, मंगळवारच्या शेवटच्या गाडीनं. खानापूर-जांबोटी भागात कुणाकडं इंद्रायणी भाताचं रोप उरलं असेल तर इथं सांगा, पैसे देऊन नेते. आणि आमच्या काकीला बुधवारी चिखलात उतरायचंय म्हणते, तिला कुणीतरी बांधावर बसवून ठेवणारं पाहिजे.

शिवारातला · ७ जुलै

माझ्याकडं वीस पेंढ्या आहेत. इंद्रायणीच. पैसे नकोत. भाऊ म्हणतो त्याच्या टेम्पोनं आणून देतो, बुधवारी सातच्या आत. अंगणापर्यंत गाडी येते का, की तिठ्यावर उतरवायचं?